जावयानं बसवलेलं स्टिअरिंग

सासुरवाडीत पाना हातात धरायची परवानगी मिळायला मला बावीस वर्षं लागली. धंदा माझा पान्याचाच. देवळाली प्रवरात रस्त्याला लागून माझं हायड्रॉलिकचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉलीचे जॅक, ट्रॅक्टरचं पॉवर स्टिअरिंग, लोडरचे सिलिंडर, जे जे तेलाच्या दाबावर चालतं ते ते माझ्याकडे येतं. सीझनमध्ये कारखाना सुरू झाला की मला जेवायला फुरसत नसते आणि माझं डोकं इतकं तापलेलं असतं की गिऱ्हाईक आधी माझ्या बायकोला फोन करून विचारतं, आज येऊ का उद्या.

पण मुळा धरणाच्या फुगवट्याकाठी सासरच्या ओसरीवर पाऊल ठेवलं की मी जावई. तिथं मी नुसतं बसायचं. गोठ्यातला नळ गळताना दिसतोय, हात शिवशिवतोय, आणि मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, चहाचा तिसरा कप पुढे करतायत. एकदा पंख्याचा स्क्रू आवळायला स्टुलावर चढलो तर मामा, माझे सासरे, शेतातून धावत आले. "पाव्हणं, खाली उतरा. लोक काय म्हन्तील, जावयाला कामाला लावलंय!" मी उतरलो. पंखा पुढे चार वर्षं तसाच खडखडत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे, मामांनी मला कधी चूक म्हटलं नाही. मी राजकारणावर काहीही बोलावं, मटणात मीठ कमी आहे म्हणावं, मामा म्हणणार, "पाव्हणं म्हन्त्यात ते बरोबर हाय." घरी माझी बायको माझ्या प्रत्येक वाक्यात एक तरी चूक काढते. त्यामुळे वर्षातून दोनतीनदा मामांकडे जाऊन बरोबर ठरून येणं मला फार आवडायचं. त्याचं पुढे काय होणार आहे हे तेव्हा कुठं माहीत होतं!

मामांची एक बोट आहे. फायबरची, मागे पेट्रोलचं इंजिन लावलेली. धरण झालं तेव्हा त्यांच्या वडिलांची काही जमीन पाण्यात गेली आणि अडीच एकर पलीकडच्या काठावर राहिली. रस्त्यानं जायचं तर सगळ्या फुगवट्याला वळसा. बोटीनं वीस मिनिटं. मामा रोज सकाळी बोटीनं जायचे, वाटेत जाळं बघायचे, पलीकडे घासाला पाणी द्यायचे आणि दुपारी बोट भरून चारा घेऊन परतायचे. आधी वल्ह्यानं, मग छोट्या इंजिनानं, मग या मोठ्यानं. सगळ्या इंजिनांना आपल्या बाजूला एक दांडी. ती हातात धरायची आणि इकडेतिकडे सारून बोट वळवायची.

दोन वर्षांपूर्वी मामा गव्हाच्या पोत्यांवरून घसरले आणि उजव्या खांद्यावर पडले. हाड जुळलं, पण खांद्यात जोर आला नाही. इंजिनाची दांडी वीस मिनिटं दाबून धरली की खांदा रात्रभर ठणकायचा. डाव्या हातानं धरायची तर जाळं कुठल्या हातानं ओढणार? मेहुणा दूध संकलनावर कामाला. त्याला रोज पलीकडे जायला वेळ नाही. तो म्हणाला, पलीकडची जमीन वाट्यानं देऊ आणि बोट विकून टाकू. तो काही वाईट बोलला नव्हता. पण त्या दिवसापासून मामा निम्मी भाकरी ताटात ठेवून उठू लागले.

हे मला बायकोनं सांगितलं. वर्कशॉपमध्ये येऊन, गिऱ्हाइकांसमोर.

"जगाच्या ट्रॅक्टरांना पॉवर स्टिअरिंग बसवता. माझ्या बापाच्या बोटीला बसवता येत नाही का?"

मी हसलो. मग हसायचा थांबलो, कारण हे मला सुचायला हवं होतं. मी हायड्रॉलिकवाला, मला दुखऱ्या गुडघ्यालाही जॅक लावावासा वाटतो. चौकशी केली तर बोटीसाठी असं स्टिअरिंग तयार मिळतं असं कळलं. पुढे चाक, चाकाच्या पाठीमागे छोटा पंप, तिथून दोन पाइप मागे इंजिनापर्यंत आणि तिथं एक सिलिंडर. चाक एका बोटानं फिरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाक सोडलं तरी इंजिन जिथल्या तिथं राहतं, कारण तेल पाइपात अडकून असतं. म्हणजे मामांनी चाक सोडून खुशाल जाळं ओढावं. मी त्याच दिवशी मागवलं.

पार्सल आलं तेव्हा आम्ही दोघं सासुरवाडीला गेलो. मेहुण्यानं बोट ट्रॅक्टरला ट्रॉली लावून घरापर्यंत आणली होती आणि अंगणात, गोठा आणि विहीर यांच्या मधोमध उभी केली होती. मामांना कामाचं समजावून सांगायला अर्धा तास गेला. जावई बोटीत घुसून काळे हात करणार, हे त्यांना पटेना. शेवटी बायको म्हणाली, "आप्पा, ते पाहुणे म्हणून नाही आले, मिस्त्री म्हणून आलेत." मामा आत गेले आणि माझ्यासाठी गादी घेऊन आले. मी बोटीच्या तळाशी गादीवर बसून नट आवळले. आयुष्यात एवढ्या मऊ जागेवर बसून मी काम केलेलं नाही. मध्येमध्ये मामी कठड्यावरून चिवड्याची बशी आत सरकवत होत्या.

काम तसं सोपं. इंजिन बोटीला जिथं पकडतं तिथं एक आडवी पोकळ नळी असते. सिलिंडरचा दांडा त्या नळीतून घालायचा. नळी गंजलेली. डिझेल सोडून, सळईला चिंधी गुंडाळून ती साफ करण्यात सकाळ गेली. चाकासाठी बाभळीची जाड फळी कापून आडवी बसवली. जुनी दांडी काढली, गिअर आणि रेसचा दांडा चाकाच्या बाजूला घेतला. पाइप पुस्तकातल्या चित्राबरहुकूम जोडले. पुस्तक इंग्रजीत होतं, पण चित्राला काय भाषा!

मग तेल भरणं आणि हवा काढणं. पाइपात हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी चाक स्पंजासारखं दबतं आणि इंजिन जागचं हलत नाही. म्हणून एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं मागे सिलिंडरचं निपल ढिलं करून बुडबुडे बाहेर सोडायचे. चाकावर बायकोला बसवलं. मागे मी. तेलाची बाटली पंपाच्या तोंडावर उलटी लावली आणि म्हटलं, फिरव. ती फिरवू लागली. बुडबुडे आले, आले, येतच राहिले. तासभर तीच तऱ्हा. मी सिलिंडरला शिव्या दिल्या, पार्सलवाल्याला दिल्या, मग तिलाही म्हटलं, तुझी फिरवायची पद्धत चुकतेय.

ती शांतपणे म्हणाली, "बाटलीला वरून भोक नको का?"

"कशाला?"

"सलाइनच्या बाटलीला नर्स वरून सुई टोचते ना? नाहीतर उतरेल कशी? बघा, बाटली आत ओढली गेलीय."

मी वर पाहिलं. बाटली खरंच चिमटली होती. तेल खाली येतच नव्हतं आणि पंप आपला हवा पीत होता. मी खिळा घेतला आणि बाटलीच्या बुडाला भोक पाडलं. पाच मिनिटांत बुडबुडे बंद. बायकोनं मामींना हाक मारून मोठ्यानं सांगितलं, की मला एक चहा दे, मिस्त्रीला नको.

आता तपासणी. मी म्हटलं, "चाक विहिरीकडे फिरव." विहीर उजव्या हाताला. तिनं फिरवलं. आणि इंजिनाचं आमच्याकडचं तोंड, जिथं पूर्वी दांडी होती, ते सरकलं गोठ्याकडे. डावीकडे.

"उलटं झालं," मी म्हणालो.

"पुस्तकाप्रमाणे जोडलं होतं ना?"

"पुस्तकात चित्र उलटं छापलंय. मी काय आज स्टिअरिंग बसवतोय का? चाक उजवीकडे फिरवलं की समोर दिसतं तेही उजवीकडेच गेलं पाहिजे."

मामा बोटीशेजारी उभे होते. म्हणाले, "पाव्हणं म्हन्त्यात ते बरोबर हाय."

मी पंपाचे दोन्ही पाइप अदलाबदल केले, पुन्हा हवा काढली. आता चाक विहिरीकडे फिरवलं की इंजिनाचं तोंड विहिरीकडे आणि गोठ्याकडे फिरवलं की गोठ्याकडे. मला इतका आनंद झाला की मी उरलेला चिवडा संपवला.

दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात सोडली. मामींनी चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. खरं म्हणजे पहिली फेरी मिस्त्रीनं मारायची असते. प्रत्येक ट्रॅक्टर मी स्वतः रस्त्यावर फिरवून आणल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही. पण इथं मिस्त्री जावई होता. मला बोटीच्या पुढच्या टोकाला, मामांकडे तोंड करून बसवण्यात आलं. चाकाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. मामांनी इंजिन सुरू केलं, रेस दिली आणि बोट पाण्यातून अशी वळवली की काठावरच्या बायका धुणं थांबवून बघू लागल्या. डावीकडे गोल, उजवीकडे गोल. त्यांचं उजवं ते माझं डावं, त्यामुळे ते चाक कुठं फिरवतायत आणि बोट कुठं जातेय, याचा मेळ मी घातलाच नाही. मध्यावर जाऊन त्यांनी दोन्ही हात वर केले. बोट सरळ चालत राहिली.

"पाव्हणं!" मामा ओरडले. "हात न लावता चालती! लई झ्याक केलंय तुमी!"

त्या दिवशी मामांनी तीन भाकरी खाल्ल्या. बायको परत येताना गाडीत सगळा वेळ माझ्याकडे बघून हसत होती. वाटेत मी पेढे घेतले.

पुढचा दीड महिना मामांचं फोनवर एकच. आज एवढा चारा आणला, आज एवढे मासे घावले, खांदा अजिबात दुखत न्हाई. मी वर्कशॉपमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला बोटीचं सांगत होतो. एक जण जॅकचा वॉशर बदलायला आला होता, त्याला मी अर्धा तास सिलिंडरची आकृती काढून दाखवली. तो बिचारा वॉशर न घेताच गेला.

आणि मग एका रविवारी मेहुण्याचा फोन. मामा लग्नाला गेले होते म्हणून तो बोट घेऊन निघाला होता.

"दाजी, स्टिअरिंग उलटं हाय."

"काय बोलतोस!"

"उजवीकडं फिरवलं की डावीकडं जातीय. मी सरळ काठच्या बाभळीत घुसलो. शर्ट फाटला."

माझं टाळकं सटकलं. "तुला चालवता येत नाही म्हण. तुझा बाप दीड महिना चालवतोय, त्याला नाही उलटं वाटलं!"

फोन आपटला. पण रात्री झोप लागेना. पुढच्या रविवारी गेलो. मामांना म्हटलं, मला एक फेरी मारायची आहे. ते नको नको म्हणत असताना मी चाकावर बसलोसुद्धा. काठापासून निघालो, चाक उजवीकडे फिरवलं आणि बोट डावीकडे वळली. घाबरून आणखी उजवीकडे फिरवलं, ती आणखी डावीकडे वळली आणि चिखलात घुसून थांबली. पलीकडे म्हशी धुणाऱ्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

चिखलात बसल्या बसल्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रॅक्टरची वळणारी चाकं पुढे असतात. बोटीचा पंखा मागे असतो. बोट उजवीकडे वळवायची तर मागचा पंखा उजवीकडे न्यावा लागतो आणि पंखा उजवीकडे गेला की इंजिनाचं आपल्याकडचं तोंड डावीकडे जाणारच. पुस्तकातलं चित्र बरोबर होतं. ट्रॅक्टरवाल्यानं ते सुधारलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काठावर येऊन मी मामांना विचारलं, "दीड महिना तुम्ही हे कसं चालवलंत?"

"लई झ्याक चालती की," मामा म्हणाले.

मी मनात म्हटलं, बघा या माणसाचा मोठेपणा. जावयाचं नाव खराब होऊ नये म्हणून दीड महिना उलटं चाक फिरवलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. माझे डोळे भरून आले. त्यांना पुढे एक शब्द बोलू न देता मी पाना घेतला, पाइप पुस्तकाप्रमाणे जोडले, बाटलीला भोक पाडून हवा काढली. तासाभरात काम फत्ते. मेहुण्यानं फेरी मारली, मी मारली. उजवीकडे फिरवलं की उजवीकडे. मामा काठावर उभे राहून मान डोलवत होते. मी घरी आलो तो छाती पुढे काढूनच.

दोन आठवडे मामांचा फोन आला नाही. मीही कामात. मग मामींचा आला, बायकोला. फोन ठेवून ती स्वयंपाकघरातच पाटावर बसली.

"आप्पा म्हणतात बोट विका. स्वतः म्हणतात."

काय झालं होतं ते तिनं सांगितलं. आधी मामांनी दुसऱ्या कुणाच्या तरी जाळ्यावर बोट घातली. मग दोनदा चारा भरलेली बोट काठावर आपटली. तिसऱ्या वेळी ते स्वतः पाण्यात पडले. कमरेएवढंच पाणी होतं, पण पडले. घरी येऊन मेहुण्याला म्हणाले, इकून टाक, माजं डोस्कं चालंना आता. तेव्हापासून ओसरीवर पाण्याकडे पाठ करून बसतात.

आम्ही तसेच निघालो. पोचलो तेव्हा दुपार होती. मामा खरंच पाठ करून बसले होते. मला बघून उठले, हसले, मामींना चहा टाकायला सांगितलं. मी सरळ विचारलं, स्टिअरिंगमध्ये काही बिघाड झालाय का? जड जातंय? गळतंय?

"न्हाई, न्हाई. तुमी लई चांगलं केलंय. माजंच वय झालं, पाव्हणं. उजवीकडं जायचं मनात असतंय आनि डावीकडं जातोय. भावकीतल्या एका म्हाताऱ्याचं असंच सुरू झाल्तं. घरची वाट इसरायचा."

एवढं बोलून ते हसायला गेले, पण जमलं नाही. माझी बायको कधी रडत नाही. ती आत निघून गेली. मी बसलो. उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मामा, पूर्वी दांडी होती तेव्हा कसं वळवायचात?"

"त्यात काय, चाळीस वर्सं तेच केलं." त्यांनी हवेत दांडी धरली. "उजवीकडं जायचं म्हंजी दांडी सारायची डावीकडं. आनि डावीकडं जायचं म्हंजी..."

त्यांचा हात उजवीकडे गेला आणि मी उभाच राहिलो.

दांडी उलटीच चालते. चाळीस वर्षं त्यांचा हात उलटाच शिकला होता. मी चुकून चाक उलटं बसवलं आणि ते त्यांच्या हाताला तंतोतंत बसलं. झ्याक चालती की, हे त्यांनी माझी लाज राखायला म्हटलेलं नव्हतं. ते खरं सांगत होते! मी ऐकलं नाही, कारण मामा माझ्याशी खरं बोलत असतील यावर बावीस वर्षांत माझा विश्वासच बसला नव्हता. मी ते पुस्तकाप्रमाणे सरळ केलं. बोट भलतीकडे जाऊ लागली. दुसरं कुणी बसवलं असतं तर मामांनी त्याचा गळा धरला असता. पण बसवलं होतं जावयानं. जावयाचं चुकणार नाही. मग चुकतंय कुणाचं? आपलंच. त्या भल्या माणसानं माझं काम बरोबर धरलं आणि स्वतःचं डोकं बिघडलं असं ठरवलं.

मला स्वतःचा इतका राग आला की मी ओसरीच्या खांबावर हात आपटला. तो अजून दुखतो. मग गाडीतून पाने काढले आणि कुणाला काही न सांगता काठावर गेलो. बायको मागून आली आणि न विचारता चाकावर बसली. पाइप पुन्हा बदलले, हवा काढली. एवढ्यात मेहुणा आला.

"दाजी, पुन्हा उलटं? मंग मी कसं चालवू?"

"शीक."

"आनि दुसरं कोनी बसलं तर?"

हे मात्र खरं होतं. त्याच्याचकडून लाल रंगाचा डबा आणि ब्रश आणवला आणि बाभळीच्या फळीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: चाक उजवीकडे फिरवल्यास बोट डावीकडे जाते. मालकाशिवाय कोणी चालवू नये.

मग मामांना बोलवायला गेलो. ते येईनात. "नगं पाव्हणं, पुन्हा आपटली तर बोट बी जाईल." मी त्यांचा डावा हात धरला आणि ओढतच काठावर आणलं. जावयानं सासऱ्याला असं ओढत नेलेलं त्या गावात आजवर कुणी पाहिलं नसेल. बोटीत बसवलं, शेजारी मी बसलो, मेहुण्यानं ढकललं.

मामांनी इंजिन सुरू केलं. रेस अगदी कमी. समोर कुणाच्या तरी जाळ्याचे डबे तरंगत होते, पांढरे, ओळीनं. ते चुकवायला उजवीकडे जायचं होतं. मामांनी श्वास रोखून चाक डावीकडे फिरवलं आणि बोट अलगद उजवीकडे वळली. डबे हातभर अंतरानं मागे गेले. पुढे पाण्यातून वर आलेल्या बाभळींची रांग. ती चुकवायला डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. त्यांनी एक मोठा गोल घेतला, मग त्याच्या उलट दुसरा घेतला. शेवटी मध्यावर येऊन इंजिन बंद केलं.

"मामा," मी म्हटलं, "तुमचा हात दांडीचा. माझं चाक उलटं बसलं होतं, तुम्हाला ते बरोबर आलं. मी ते तुम्हाला न विचारता सरळ केलं. तुमचं काही चुकत नव्हतं. माझंच चुकलं."

डॉक्टरला विचारावं तसं हळूच त्यांनी विचारलं, "मंजी माजं डोस्कं नीट हाय?"

"एकदम नीट आहे."

"वाट इसरायचं ते काय न्हाई?"

"काही नाही, मामा."

मामांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि नाकही पुसलं. मग बोटीत उठून उभे राहिले. बोट डुलली, मी कठडा धरला. काठावर मामी कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत होत्या, बायको आणि मेहुणा शेजारी, आणि नेहमीप्रमाणे धुण्याला आलेल्या पाचसहा बायका. मामांनी तोंडाशी हात धरला.

"अगं ए! डोस्कं नीट हाय माजं! पाव्हण्याचंच चुकलं हुतं!"

पाण्यावरून आवाज सरळ जातो. काठावर सगळ्यांनी ऐकलं. मामींनी तोंडाला पदर लावला. मग त्यांचा आवाज आला, "अवो, हळू बोला! पाव्हण्याला आसं बोलत्यात व्हय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बोला. त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.